कोंड्यावरचं वर्तुळ

शालिकमामा, तुझ्या तेरवीचं जेवण चांगलं झालं. हे आधी सांगून टाकते, कारण कुठलाही कार्यक्रम झाला की तुझा पहिला प्रश्न तोच असायचा. लाखोरीच्या डाळीचे वडे होते, भात मोकळा होता, कढी जरा पातळ होती. कढीवरून मामीने आचाऱ्याला चांगलंच सुनावलं, तेव्हा मला हायसं वाटलं. तू गेल्यापासून ती कोणावर रागावलीच नव्हती.

सगळी पवनी तुला अहो-जाहो करायची. मिलमधले हमालसुद्धा 'शालिकभाऊ, तुम्ही' म्हणायचे. बाबा गेल्यावर आई मला घेऊन तुझ्या घरी आली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, आणि आई तुला 'तू' म्हणायची तसंच मीही म्हणायला लागले. मामी म्हणाली, 'मोठ्या माणसाले तू म्हणू नये.' तू म्हणालास, 'राहू दे न. पोरीचं तोंड कायले दुखवतं?' तेव्हापासून तू तूच. आता लिहायला बसले तर माझी मास्तरणीची भाषा येते आहे. वाचून तू म्हणशील, 'पुण्याची झाली का वो ज्योते?' म्हण बाप्पा. मी काय करू, वीस वर्षं शाळेत पोरींना शिकवते आहे.

पेपरात तुझ्याबद्दल चार ओळी आल्या. 'राष्ट्रीय विजेती स्केटर ज्योती हिचे मामा व पहिले प्रशिक्षक.' मामीने ते कापून देव्हाऱ्याच्या मागे ठेवलं. मी वाचलं आणि मला हसूच आलं. प्रशिक्षक. तू आयुष्यात एकदाही स्केट पायात घातले नाहीस. एकदा घालून बघ म्हटलं तर म्हणालास, 'मले माह्या पायाची गरज आहे.'

तुला आठवतं ना ते स्केट तुझ्याकडे कसे आले? मिलच्या शेठजींच्या मुलीने हॉस्टेलवरून परत आणलेले, चार चाकांचे, पुढे रबराचा गोळा असलेले. तिचं मन भरलं आणि ते गोदामात पडले. तू काय केलंस, तर दोन्ही स्केट एका फळीखाली ठोकून धानाची पोती वाहायला गाडी बनवलीस. मी ती गाडी पाहिली आणि ओरडले, 'मामा, हे पायात घालायचं असते.'

'कोण सांगितलं?'

'टीव्हीत पाहिलं मी.'

'मंग पोते कशावर वाहू? तुह्या डोक्यावर?'

दुसऱ्या दिवशी मात्र फळीचे खिळे काढलेले होते. माझे पाय लहान, स्केट मोठे. तू पुढच्या टोकाला चिंध्या कोंबल्यास आणि वरून पोत्याची सुतळी बांधलीस. पुढची दोन वर्षं मी त्या सुतळीवर चालवली.

तुझं काम वाळवणाच्या आंगणाचं. उकडलेलं धान वाफाळत बाहेर यायचं आणि सिमेंटच्या त्या एवढ्या मोठ्या आंगणात पसरलं जायचं. मग तू, सगुणाबाई आणि बाकीच्या बाया अनवाणी त्यातून पाय ओढत चालायचात, म्हणजे खालचं ओलं धान वर येतं. पाय फिरवणं म्हणायचे त्याला. मागे एकाला एक लागून चर उमटत जायचे. चर वाकडा गेला की मधलं धान ओलं राहतं आणि तांदूळ फुटतो, म्हणून तुझी नजर कायम चरावर. कोण चाललं हे तुला मान वर न करता कळायचं. 'सगुणा आज लंगडून राहिली,' असं तू चर बघून सांगायचास आणि सगुणाबाई खरंच काटा लागलेला पाय दाखवायची.

पहाटे आंगण रिकामं असायचं. धान यायच्या आधी तास-दीड तास मला खेळायला मोकळं. एक दिवस मी पडत-झडत मिलच्या दारापर्यंत गेले. तिथे तांदूळ पॉलिश होताना निघणारा तो पिठासारखा बारीक कोंडा सांडला होता, त्यावरून माझी चाकं गेली, आणि तू मागून म्हणालास, 'थांब. हालू नको.' मला वाटलं साप निघाला. तू वाकून कोंड्यावर उमटलेली चाकांची रेघ बघत होतास. बराच वेळ बघितलीस. मग म्हणालास, 'इथून निघाली अन् तिथं पोचली. मधात कुठं गेली होती, बाजारात?'

त्या दिवशी तुझं डोकं चाललं आणि माझे हाल सुरू झाले. रोज पहाटे तू मुठीने कोंडा फेकायचास, इतका पातळ की खालचं सिमेंट दिसावं. मग म्हणायचास, 'गोल काढ.' खाली खडूची खूण नाही, काही नाही. एका पायावर, एका दमात गोल फिरायचं आणि जिथून निघाले तिथंच परत यायचं. मी म्हणायचे, आधी खडूने आखून दे. तू म्हणायचास, 'आखून देल्यावर तं बैलही फिरते.'

आणि मग ते मोजणं. माझी रेघ जिथे सुरू झाली आणि जिथे संपली त्या जागेशी तू गुडघे टेकायचास, एक गाल जवळजवळ जमिनीला लावायचास, एक डोळा मिटायचास. मी रेघेच्या टोकाशी एका पायावर तशीच उभी, कारण तू 'हाल' म्हणेपर्यंत हलायचं नाही हा तुझा नियम. किती वेळ लावायचास तू. माझी मांडी थरथरायची, नाकावर माशी बसायची. शेवटी दोन टोकांच्या मधल्या फटीत बोटं टेकवून तू आकडा सांगायचास. 'सहा बोट.' बस. चांगलं नाही, वाईट नाही, सहा बोट. मग उठायचास तेव्हा तुझा तो एक गाल पांढरा झालेला असायचा. हमाल हसायचे, 'गाल पुसा, शालिकभाऊ.' तू म्हणायचास, 'राहू दे,' आणि दुपारपर्यंत तसाच फिरायचास.

मी तुझ्यावर किती चिडायचे ते तुला सांगितलं नाही असं नाही, रोज सांगायचे. कोंडा चाकांच्या बेअरिंगमध्ये जाऊन चाकं जाम व्हायची. तू ती रॉकेलमध्ये बुडवून जुन्या ब्रशने घासायचास आणि घरभर रॉकेलचा वास. मामी म्हणायची, 'ह्या पोरीले उजवायची हाये का जाळायची हाये?' तू म्हणायचास, 'आधी गोल जुळू दे.'

आमच्या शाळेतल्या पी.टी.च्या सरांनी एकदा हे सगळं पाहिलं आणि ते म्हणाले, अहो शालिकभाऊ, ह्याच्या स्पर्धा होतात. त्याला फिगर म्हणतात. हॉलच्या फरशीवर वर्तुळं रंगवलेली असतात आणि त्या रेघेवरून चाक सोडायचं नाही. तुला ते ऐकून फार नवल वाटलं. तू मला हळूच म्हणालास, 'रंगवून देतेत म्हणते. म्हणजे सोपंच झालं.'

सोपं. अकराव्या वर्षी नागपूरला पहिल्यांदा गेले आणि जे काही झालं ते आठवलं की अजून कान गरम होतात. गुळगुळीत फरशी, काळी झकपक रेघ, आणि माझं चाक अर्ध्या गोलात रेघेच्या आत आणि अर्ध्या गोलात रेघेच्या बाहेर. शेवटून दुसरी आले. शेवटची आली तिला ताप होता. पी.टी.च्या सरांना कोडं पडलं. परत आल्यावर त्यांनी आंगणात तांब्याभर पाणी ओतलं आणि पाणी सरसर नालीकडे पळालं. वाळवणाचं आंगण पावसाचं पाणी निघून जावं म्हणून उताराचंच बांधतात, हे तुला सोडून जगात कोणाला जास्त माहीत होतं? पण आम्ही दोघंही दोन वर्षं त्यावर गोल काढत राहिलो आणि दोघांच्याही डोक्यात आलं नाही. चढाच्या बाजूला जोर लावायची माझ्या पायाला सवय लागली होती.

सर म्हणाले, 'आंगण तिरपं आहे, शालिकभाऊ.'

तू पाण्याकडे बघितलंस, सरांकडे बघितलंस आणि शांतपणे म्हणालास, 'नागपूरचं तिरपं असन.'

हे भांडण आपण तीस वर्षं भांडलो. शेवटच्या दिवाळीलाही तू माघार घेतली नाहीस. पण दुसऱ्या दिवसापासून तू मला रोज वेगळ्या कोपऱ्यातून सुरुवात करायला लावलीस. आज नालीकडून, उद्या गोदामाकडून, परवा चिंचेकडून. का, म्हणून विचारलं तर म्हणालास, 'ऊन डोळ्यात येते.' पहाटे साडेपाचला कुठलं ऊन, मामा? पण सहा महिन्यांत माझ्या पायाला चढ कुठला आणि उतार कुठला हे पाय टेकताक्षणी कळायला लागलं, आणि सपाट फरशी तर मला सुट्टीसारखी वाटायला लागली. तेराव्या वर्षी राज्यात तिसरी आले, पंधराव्या वर्षी पहिली.

तेव्हा मी तुला सांगितलं होतं की मला फिगरपेक्षा फ्री स्टाईल आवडते. गाणं लागतं, उड्या असतात, गिरक्या असतात. आईने लग्नातल्या शालूचा काठ काढून माझा फ्रॉक शिवला होता, त्यावर टिकल्या लावल्या होत्या. तू त्याला नाच म्हणायचास. फ्री स्टाईल सुरू झाली की चहा प्यायला निघून जायचास. मी म्हणायचे, 'मामा, तिथं जज चेहरा पायतेत. हसावं लागते. तू कधी माह्याकडे पायतच नाहीस, नुसती रेघ पायतं.' तू म्हणालास, 'चेहरा तुह्या मायनं पायला आहे. मले रेघ दाखव.'

हे मला लागलं होतं, मामा. तू गमतीत बोललास आणि चहा प्यायला गेलास, पण मी ते धरून ठेवलं. रोज पहाटे मी तुझ्यासमोर उभी राहायचे आणि तुझा चेहरा जमिनीला. तुझी टोपी आणि पाठ एवढंच मला दिसायचं. 'छान' हा शब्द तू सगुणाबाईच्या भाकरीला वापरायचास, बैलाच्या शिंगाला वापरायचास. मला फक्त बोटं.

आता त्या दिवसाबद्दल लिहायला हवं. टाळत होते.

सतरावं वर्ष, राष्ट्रीय स्पर्धा, दक्षिणेकडचं मोठं शहर. तू, मी आणि आईने दिलेला डबाभर मुरमुऱ्याचा चिवडा. गाडीत तुझ्या पायाशी एक कापडी पिशवी होती, पाच किलोची तरी असेल. समोरच्या बाईने विचारलं, 'भैया, आटा है क्या?' तू म्हणालास, 'नहीं, कोंडा है. पोरीका गोल देखना है.' ती बाई पुढे दोन स्टेशनं आपल्याकडे संशयाने बघत होती. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला वाटलं, तू तो कुठल्यातरी बाहेरच्या अंगणात सरावाला वापरशील.

सकाळी हॉल उघडला. आरशासारखी फरशी, त्यावर रंगवलेली वर्तुळं, सगळ्या राज्यांच्या मुली एकसारख्या जॅकेटमध्ये, त्यांचे कोच गळ्यात शिट्टी आणि हातात घड्याळ घेऊन. मी बूट बांधत होते. मान वर केली तर तू दुपट्टा कमरेला बांधून हॉलच्या मध्यभागी उभा आणि मुठीने कोंडा फेकतो आहेस. अगदी पातळ, अगदी बरोबर, आपल्या आंगणात फेकायचास तसा.

पुढचा गोंधळ तुला माहीतच आहे. शिट्ट्या वाजल्या, कोणीतरी पावडर पावडर म्हणून ओरडलं, फरशी पुसायचं यंत्र घेऊन दोघं धावत आले. कोट घातलेल्या एका माणसाने तुझा दंड धरला आणि मुलींच्या रांगेकडे वळून विचारलं, 'ये किसके साथ है? किसका कोच है?'

सगळ्या मुली हसत होत्या. आणि मी म्हणाले, 'कोच नहीं है. हमारे गाँव की मिल में काम करता है.'

तू ऐकलंस. मला माहीत आहे तू ऐकलंस, कारण तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, बरोबर आहे अशी. मग कमरेचा दुपट्टा सोडून तू स्वतःच सगळा कोंडा पुसून काढलास, कडेकडेचासुद्धा, आणि पिशवीत भरून घेतलास. कोचचा पास नव्हता म्हणून तुला खाली थांबू दिलं नाही. सगळ्यात वरच्या गॅलरीत पाठवलं. तिथून माणसं मुंग्यांएवढी दिसत असतील.

त्या दिवशी माझ्या चाकाने रेघ एकदाही सोडली नाही. मी जिंकले. पदक गळ्यात घालून मी जिने चढून वर आले, दोन-दोन पायऱ्या एकदम. माफी मागावी असं डोक्यात नव्हतं, खोटं कशाला बोलू. मला तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. मी विचारलं, 'कसं झालं?'

तू म्हणालास, 'मले काही दिसलं नाही.'

मला वाटलं, तू सूड घेतो आहेस. सबंध गाडीत मी तुझ्याशी बोलले नाही. तू चिवडा पुढे केलास, मी तोंड फिरवलं. बल्लारशा आलं तेव्हा भूक अनावर झाली आणि मी अर्धा डबा संपवला, पण बोलले तरी नाही. पवनीला आपलं स्वागत झालं, मिलच्या लोकांनी हार घातले, सगुणाबाईने दृष्ट काढली. दुसऱ्या दिवशी पहाटे तू मला आंगणात नेलंस. तू आधीच कोंडा टाकून ठेवला होतास, सबंध वर्तुळाएवढा.

'तिथं काढला तो इथं काढून दाखव एकडाव. मंग सांगतो.'

मी म्हणाले, 'मेडल भेटलं न मामा. आता कायले रेघ?'

तू खराटा घेतलास आणि झाडून टाकलंस. पुढच्या वर्षी पुन्हा सोनं आणलं, तू आला नाहीस, धानाचा हंगाम आहे म्हणालास. एकविसाव्या वर्षी गुडघा गेला, मग नोकरी, मग भंडाऱ्याची शाळा. कोंड्यावर मी परत कधी चाक टेकवलं नाही.

तू मात्र दर सणाला विचारायचास. पोळ्याला, दिवाळीला, माझ्या लग्नात मांडवात सुद्धा. 'ज्योते, तो गोल राह्यला बरं.' मी म्हणायचे, 'काढीन न मामा, काढीन.' काय गंमत आहे बघ, तुला चिडून नाही म्हणायला लागले होते, मग चीड कधीच संपली आणि नुसतं राहून गेलं. त्या कोटवाल्या माणसाला मी जे बोलले त्याबद्दलही तसंच. तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आपण ऑटोतून चाललो होतो तेव्हा मी सगळा धीर गोळा करून सुरुवात केली होती, 'मामा, त्या दिवशी त्या हॉलमध्ये मी...' तू म्हणालास, 'ऑटोवाल्याले सांग, पुढं गड्डा आहे.' आणि पट्टी निघाली तेव्हा सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं म्हणालास, 'आता अर्धं बोटही दिसन.'

मिलमध्ये धान वाळवायचं यंत्र आलं, आंगण रिकामं पडलं, तू रिटायर झालास आणि तरी रोज तिथेच जाऊन बसायचास. मी रविवारी माझ्या शाळेच्या आठ पोरी गाडीत घालून तुझ्याकडे आणायला लागले. मी त्यांना साध्या बुटात उभी राहून शिकवायचे आणि तू कोंडा टाकून मोजायचास. तुझं-माझं भांडण चालूच. मी म्हणायचे, भंडाऱ्याला सपाट कोर्ट झालं आहे, पोरींना तिथेच नेते. तू म्हणायचास, 'ने न. तेही तिरपंच असन.' पोरी खी-खी करायच्या.

जायच्या आदल्या रविवारीही तू मोजलंस. पोरींतल्या समीक्षाचं पाच बोट. मंगळवारी दुपारी जेवून आडवा झालास तो उठलाच नाहीस. मामी म्हणते, दुसऱ्यांदा भात घेतला होता. हे ऐकून मला रडता रडता हसायला आलं.

काल रविवार होता. पोरींच्या आयांना वाटलं, शालिकभाऊ गेले, आता मॅडम आणणार नाहीत. मी आणलं. आठही पोरी आल्या, सगुणाबाई आली, तू बसायचास त्या पोत्यावर बसली. तिच्याशिवाय तिथे बसायचा हक्क आता कोणाचा? मिलमधून कोंडा मागून घेतला. मी स्केटची पिशवी उघडली आणि पोरींचे डोळे मोठे झाले. मॅडमला कोणीच कधी चाकांवर पाहिलं नव्हतं. गुडघ्याला पट्टा बांधला. कोंडा मी फेकला, मुठीने, आणि पहिली मूठ एकाच जागी धप्पकन पडली. सगुणाबाई म्हणाली, 'कोंबड्याले टाकून राहिली का वो?' दुसरी-तिसरी जरा बरी गेली.

मग काढला, मामा, तुझा गोल. चिंचेकडून सुरुवात केली. चढ आला तसा पायाला आपोआप कळला, तेवीस वर्षांनीसुद्धा. गुडघा मध्येच कुरकुरला, दात ओठ खाऊन पूर्ण केला. टोकाशी येऊन थांबले, एका पायावर, हलले नाही. कोणी 'हाल' म्हणेना. मी म्हणाले, 'सगुणाबाई, मोजा.' ती म्हणाली, 'मले नाही येत बाप्पा ते. तो शालिकच जाणे.'

तर ते मोजायचं राहिलंच. तिथे उभी असताना मी पोरींना सांगितलं, की शालिकमामा माझा कोच होता. एकटाच. हे मला सतरा वर्षांची असताना एका माणसाला सांगायचं होतं, ते मी चुकीचं सांगितलं. पोरींना काही कळलं नसेल. सगुणाबाईने नाक शिंकरलं. मला फार वाईट वाटत होतं आणि फार बरंही वाटत होतं.

तेवढ्यात समीक्षा म्हणाली, 'मॅडम, आता माझं मोजा न.' तिने तोवर बाजूला कोंडा टाकून आपला गोल काढून ठेवलाही होता आणि टोकाशी एका पायावर उभी होती. मी म्हटलं, मला कुठे येतं. मग म्हटलं, बघू तरी. गुडघे टेकले. तुझ्यासारखा गाल जमिनीला लावला, एक डोळा मिटला.

मामा, तिथून आधी रेघ दिसतच नाही. पहाटेचा उजेड समोरून येतो, कोंडा नुसता चमकतो. डोळा स्थिरावून रेघ दिसायला बराच वेळ लागतो. तोवर जे दिसतं ते रेघेच्या पलीकडे उभी असलेली पोरगी. खालून वरपर्यंत सगळी दिसते. थरथरणारी मांडी, घट्ट मिटलेले ओठ, कपाळावरचा घाम, आणि आपल्याकडे टक लावून बघणारे डोळे. तिला तुझी फक्त टोपी आणि पाठ दिसते. तुला तिचा चेहरा दिसतो, रोज पहाटे, ती हलणार नाही अशा बेताने, हवा तितका वेळ.

किती वेळ लावायचास तू.

मी त्या पोरीकडे बघत राहिले. तिला सांगावं असं खूप काही मनात आलं. चांगलं काढलंस, मागच्या आठवड्यापेक्षा कितीतरी सुधारलंस, घाबरू नकोस. शेवटी बोटं टेकवली आणि म्हणाले, 'दोन बोट. हाल.'

समीक्षा नाचायलाच लागली. मी उठले तर आठही पोरी माझ्याकडे बघून हसत होत्या. सगुणाबाई म्हणाली, 'गाल पूस वो.'

मी म्हणाले, 'राहू दे,' आणि भंडाऱ्यापर्यंत तशीच गाडी चालवत आले.